शेड पाडली, गाडी कुठे गेली?

फेब्रुवारी २०२५मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी परिसरातील हजारो पत्राशेड, गोडाऊन आणि भंगाराची दुकाने काही दिवसांत जमीनदोस्त केली. वारंवार लागणाऱ्या आगी, रबर-प्लास्टिक जळाल्याचा धूर आणि इंद्रायणीचे प्रदूषण ही कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नव्हती. कारवाईचे स्वागत झाले, पोटावर पाय आल्याची ओरडही झाली. तिथे सगळेच काही गाड्या कापणारे नव्हते. कागद, प्लास्टिक, कारखान्यांतला पत्रा, लाकूड असा नाना प्रकारचा व्यवहार त्या भागात चाले. पण परवान्याविना गाड्या तोडण्याच्या धंद्यावर आपल्याकडे ‘कारवाई’ होते म्हणजे नेमके काय होते, ते समजून घ्यायला हा नमुना पुरेसा आहे. जेसीबी येतो, पत्रे वाकतात, राडारोडा उचलला जातो. बांधकाम किती होते आणि परवानगी होती की नव्हती, हे कागदावर येते. त्या जागेत वर्षभरात किती गाड्या कापल्या, त्यांतले ऑइल कुठे ओतले, बॅटऱ्या कोणी नेल्या, हे बांधकामाच्या कायद्याला विचारताच येत नाही. गॅस कटर, चेन-पुली आणि चार माणसे एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा शहराच्या हद्दीबाहेर, एखाद्या भाड्याच्या शेतात पुन्हा उभा राहायला फार दिवस लागत नाहीत. या धंद्यावर कारवाई हवीच, आजच्यापेक्षा कडक हवी. फक्त ती शेडच्या मागे न लागता गाडीच्या मागे लागली पाहिजे.

गाडी मोडीत निघते तेव्हा ती नुसते लोखंड नसते. साध्या मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर ऑइल असते, गिअरबॉक्समध्ये आणखी थोडे, रेडिएटरमध्ये ग्लायकॉल मिसळलेले कूलंट, शिवाय ब्रेक ऑइल आणि टाकीच्या तळाशी उरलेले पेट्रोल किंवा डिझेल. गाड्या मोडण्याच्या अधिकृत केंद्रात आधी हे सगळे उपसून वेगवेगळ्या टाक्यांत भरतात, एअरबॅग निकामी करतात, मग कटरला हात लावतात. उघड्या शेडमध्ये ज्याला गिऱ्हाईक आहे ते आधी निघते आणि बाकीचे मातीत मुरते. काळ्या ऑइललाही गिऱ्हाईक असते. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना ते फासतात, कुठे भट्टीत जाळतात, आणि त्यातले जड धातू धुराबरोबर वस्तीत उतरतात. कूलंटला मात्र कोणी विचारत नाही. तांबे काढायला वायरींचे जुडगे पेटवतात, तेव्हा वरचे पीव्हीसी जळून डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. सीटचा फोम कुठेतरी ओढ्याकाठी पडतो किंवा तोही पेटतो. एसीतला वायू तर दिसतही नाही, पाइप कापला की संपला. सध्या मोडीत निघणाऱ्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा वायू असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो. अर्धा किलो वायू सुटला, म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखे झाले, तेही एका गाडीमागे.

सगळ्यांत वाईट गोष्ट बॅटरीची. तिच्या वजनात साधारण साठ टक्के शिसे असते, म्हणून ती कधी वाया जात नाही. भंगारात सर्वांत आधी तिचाच सौदा होतो. प्रश्न ती फुटते कुठे, हा आहे. बेकायदा भट्टीवर ती हाताने फोडतात, आम्ल गटारात जाते आणि शिसे उघड्यावर वितळते. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेने २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आहे. त्यांतली २७ कोटींहून अधिक भारतातली आहेत. बॅटऱ्यांची असुरक्षित फोडाफोड हे त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणून तो अहवाल सांगतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे. सेनेगलच्या राजधानीजवळच्या थियारोय-सुर-मेर या वस्तीत २००७-०८च्या सुमारास जुन्या बॅटऱ्यांतले शिसे मिसळलेली माती लोक घरी आणून चाळत होते. तिथे १८ मुले दगावली. आपल्याकडे मुले अशी एकदम दगावली नाहीत की बातमी होत नाही. शाळेत मागे पडलेले मूल आणि दोन गल्ल्यांपलीकडची भट्टी यांचा संबंध कोण जोडणार?

मग गाडीचा मालक अशा ठिकाणी का जातो? उत्तर सरळ आहे: तिथे भाव जास्त मिळतो, गाडी दारातून उचलली जाते आणि पैसे रोख मिळतात. अधिकृत केंद्राला पक्की जमीन, ऑइल वेगळे करणारी यंत्रणा, सांडपाण्याची प्रक्रिया, कामगारांची सुरक्षा असा खर्च असतो. घातक कचरा तळोजा किंवा रांजणगावच्या केंद्रावर पाठवायचा तर वजनावर पैसे मोजावे लागतात. जीएसटी वेगळाच. बिनपरवाना तोडणाऱ्याला यातले काहीच लागू नाही, म्हणून तो मालकाला जास्तीचे चार पैसे देऊ शकतो. ते चार पैसे म्हणजे शेजारच्या विहिरीच्या पाण्याची किंमत. विहिरीच्या मालकाला न विचारता ती गाडीच्या मालकाच्या हातावर ठेवली जाते. हा भावातला फरक जोवर टिकून आहे, तोवर किती शेड पाडल्या याला अर्थ नाही. एक पाडली की उरलेल्यांना गिऱ्हाईक वाढते.

कायदा नाही असे नाही. वाहन मोडीत काढणाऱ्या केंद्रांच्या नोंदणीचे नियम सप्टेंबर २०२१मध्ये आले. केंद्राने गाडी घेताना ती चोरीची तर नाही हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या यादीशी ताडून पाहायचे, मालकाला गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र द्यायचे आणि त्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्यांनी द्यायची, अशी ती रचना आहे. कागदावर उत्तम. पण धोरण जाहीर करताना केंद्र सरकारनेच सांगितले होते की २० वर्षांहून जुन्या हलक्या गाड्या देशात ५१ लाख आहेत; आणि ऑगस्ट २०२५पर्यंत सर्व अधिकृत केंद्रांत मिळून मोडल्या गेलेल्या गाड्या होत्या सुमारे ३ लाख. त्यांतल्याही जवळपास निम्म्या सरकारी, म्हणजे ज्यांच्या मालकाला भावाची फिकीर नाही. सवलत फक्त नवी गाडी घेणाऱ्याला मिळते, हेही लक्षात घेतले पाहिजे. जुनी गाडी शेवटी ज्याच्या हातात असते तो बहुधा तिसरा-चौथा मालक असतो. त्याला शोरूममध्ये जायचेच नसते, रोख पैसे हवे असतात.

या सगळ्यात एक जुने कलम धूळ खात पडले आहे. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५५नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचे असते. कोण कळवतो? गाडीचे तुकडे होऊन सुटे भाग बाजारात विकले गेले, तरी आरटीओच्या दफ्तरी ती धावत असते. महाराष्ट्रात खासगी गाडीचा कर एकरकमी भरलेला असल्यामुळे दरवर्षी आठवण करून देणारेही कोणी नाही. या मेलेल्या गाड्यांच्या आरसीचा वेगळा बाजार आहे. अपघातात पूर्ण नुकसान झालेली गाडी लिलावात विकली जाते, घेणाऱ्याला भंगारापेक्षा तिच्या कागदांत आणि चासी नंबरात रस असतो, आणि तो नंबर चोरीच्या तशाच गाडीवर चढतो. म्हणजे पर्यावरणाची हानी आणि गाडीचोरी या दोन्ही गोष्टी एकाच भोकातून गळतात: गाडी संपली हे सांगण्याची सक्ती प्रत्यक्षात कोणावरच नाही. ते भोक बुजवणे जेसीबीच्या डिझेलपेक्षा स्वस्त आहे. पंधरा वर्षांनी खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. नूतनीकरणाला न आलेल्या गाड्यांची यादी ‘वाहन’ या संगणक प्रणालीतून निघू शकते. प्रत्येक मालकाला एकच प्रश्न विचारायचा, गाडी कुठे आहे? उभी असेल तर फोटो द्या, विकली असेल तर कोणाला ते सांगा, मोडली असेल तर प्रमाणपत्र दाखवा.

धाडींचे समर्थक मेरठच्या सोतीगंजचे उदाहरण देतील, आणि ते दिलेच पाहिजे. दिल्लीतून चोरलेल्या गाड्या काही तासांत सुट्या करणारा हा बाजार २०२१च्या डिसेंबरात पोलिसांनी बंद पाडला. अनेक व्यापाऱ्यांच्या मालमत्ता जप्त झाल्या. हे यश खरे आहे. पण ते कशामुळे आले ते पाहा. पोलिसांनी नुसती दुकानांना कुलपे लावली नाहीत. माल कुठून आला, कोणत्या कागदावर आला आणि पैसा कुठे गेला, हे धुंडाळले. आणि तरीही दिल्लीतली गाडीचोरी थांबली नाही, कारण मागणी होती तशीच राहिली. उलट चित्र दिल्लीतल्या मायापुरी भंगारबाजाराचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशावरून एप्रिल २०१९मध्ये तिथे सीलबंदीची मोहीम निघाली आणि व्यापारी व पोलीस यांच्यात चकमकी झडल्या. याच मायापुरीत २०१०मध्ये कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी पदार्थाने एका कामगाराचा बळी घेतला होता. तो पदार्थ असलेले यंत्र तिथल्या कोणा भंगारवाल्याने चोरून आणले नव्हते, दिल्ली विद्यापीठाने रीतसर लिलावात विकले होते. भंगारबाजारातले विष बऱ्याचदा शिक्क्याच्या कागदासह आत येते, एवढे त्यातून कळावे.

म्हणून परवाना हाच उपाय, अशा समजुतीतही राहू नये. जपानमधले तेशिमा हे छोटे बेट या बाबतीत फार काही सांगते. एका कंपनीने १९७८मध्ये तिथे गांडुळे पाळण्यासाठी निरुपद्रवी कचरा वापरण्याचा परवाना मिळवला आणि प्रत्यक्षात गाड्या श्रेडरमध्ये घातल्यावर उरणारा चुरा, तेल, गाळ आणून ओतला, जाळला. रहिवासी तक्रारी करत राहिले, प्रांताचे अधिकारी हा कचरा नसून उपयुक्त माल आहे असे मानत राहिले. शेवटी १९९०मध्ये शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला. बेट साफ करायला २०१७ उजाडले आणि नऊ लाख टनांहून अधिक कचरा व दूषित माती हलवावी लागली. जपानने यातून घेतलेला धडा महत्त्वाचा आहे. २००५पासून अमलात आलेल्या तिथल्या कायद्यात ग्राहक गाडी घेतानाच विल्हेवाटीचे शुल्क भरतो. ते वेगळ्या निधीत राहते आणि नेमक्या तीन गोष्टींसाठी खर्च होते: एसीतला वायू, एअरबॅग आणि श्रेडरमधला चुरा. या तिन्ही गोष्टींना बाजारात भाव नाही, म्हणूनच त्या निवडल्या. लोखंडाची काळजी बाजार घेतो. युरोपने २०००च्या निर्देशाने परवाने, टक्केवारी, सगळे ठरवले, पण नोंदणी रद्द होणे आणि गाडी खरोखर मोडणे यांची गाठ घट्ट बांधली नाही. दरवर्षी सुमारे ३५ लाख गाड्यांचा तिथे ठावठिकाणा लागत नाही. युरोपातली यंत्रणा आपल्यापेक्षा ढिली असेल असे कोणी म्हणणार नाही. तरी ही गत.

आपल्याकडे नव्या गाडीच्या नोंदणीवेळी अशी अनामत घ्यावी आणि शेवटच्या मालकाने अधिकृत केंद्राचे प्रमाणपत्र दाखवले की ती त्याच्या खात्यात जमा व्हावी. शेवटच्या मालकाला, हे मुद्दाम सांगतो, कारण भंगारवाल्याचा जास्तीचा भाव त्यालाच दिसत असतो. अनामत त्या फरकापेक्षा मोठी असली म्हणजे झाले. आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांना ती लागू होणार नाही. त्यांच्यासाठी वर सांगितलेली मालकांना विचारणा आणि दुसरा एक नाका आहे. तो जालन्यात आहे. गाड्या तोडणारे हजारो आणि विखुरलेले, पण त्यांचे लोखंड शेवटी जाते ते मोजक्या भट्ट्यांत. बांधकामाच्या सळया करणाऱ्या जालन्याच्या इंडक्शन भट्ट्या भंगारावरच चालतात. ऑक्टोबर २०२४पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून धातूचे भंगार घेतले, तर जीएसटी भरण्याची जबाबदारी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकावर आली आहे. म्हणजे सरकारला महसुलासाठी ही साखळी धरता येते. मग त्याच साखळीत, गाडीचे भंगार कोणत्या केंद्रात निर्विष झाले हा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे? दाबून गठ्ठा केलेल्या पत्र्यावरून गाडी ओळखू येत नाही, हे खरे. पण इंजिनाचा ब्लॉक, चासी, शॉकअप ओळखू येतात, आणि बंद शॉकअप किंवा सिलिंडर भट्टीत गेला तर स्फोट होतो हे भट्टीवाल्याला कोणी शिकवायला नको. स्वच्छ माल त्यालाही हवाच असतो.

आता पोटाचा प्रश्न. कुर्ल्यात, कुदळवाडीत, नाशिक-नागपूरच्या गल्ल्यांत हजारो घरे या कामावर चालतात, आणि त्यांतले मिस्त्री अडाणी नाहीत. हाताने तोडलेल्या गाडीतून तांबे जितके स्वच्छ निघते तितके श्रेडरमधून निघत नाही. वापरता येण्यासारखा अल्टरनेटर, दरवाजा, गिअरबॉक्स सुटा करून पुन्हा गाडीला लावणे हे तो वितळवून नवा बनवण्यापेक्षा केव्हाही पर्यावरणाच्या हिताचे. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्यामुळेच सगळी जुनी गाडी मोठ्या कंपन्यांच्या आवारात जावी या मताचा मी नाही. अधिकृत केंद्राच्या नोंदणीला लाखाचे शुल्क आणि दहा लाखांची बँक हमी लागते. गल्लीतल्या मिस्त्रीने ती आणायची कुठून? पण मुळात त्याला पूर्ण केंद्र काढायची गरजच काय? घातक काम पहिल्या काही तासांतले असते: द्रव उपसणे, वायू काढणे, बॅटरी आणि एअरबॅग बाजूला करणे. ते काम एमआयडीसीने जागा देऊन उभारलेल्या सामायिक आवारात व्हावे, तिथेच चासी नंबर कापून नोंदणी रद्द व्हावी आणि मग निर्विष सांगाडा परवानाधारक मिस्त्रींना तोडायला मिळावा. इचलकरंजीत कापड प्रक्रिया करणाऱ्यांचे सांडपाणी सामायिक प्रकल्पात जाते, तसेच काहीसे. त्या प्रकल्पांचे अनुभव सगळे गोड नाहीत, देखभाल ढिली पडते, हेही ठाऊक आहे. तरी शेकडो गटारांवर लक्ष ठेवण्यापेक्षा एका नळावर लक्ष ठेवणे सोपे. पोट भरण्याचा हक्क मान्य करणे म्हणजे शिसे वितळवण्याचा हक्क मान्य करणे नव्हे. आणि त्या धुरात सर्वांत जास्त वेळ उभा राहतो तो मालक नसून वीस-बावीस वर्षांचा पोऱ्या असतो. रोजगाराच्या नावाने त्याला तिथेच ठेवा म्हणणारे त्याची बाजू घेत आहेत असे मला वाटत नाही.

सामायिक आवार उभे राहिल्यावर मात्र दयामाया नको. आज शिक्षेची धार उलट बोथट होत आहे. जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची सर्वसाधारण तरतूद काढली आणि एप्रिल २०२४पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंड एवढेच उरले. दहा हजार म्हणजे एका जुन्या मोटारीचे नुसते इंजिन. दंड आकारायचाच तर तो जागेवर सापडलेल्या चासी नंबरांच्या संख्येवर आकारला पाहिजे, आणि गाडी तिथे विकणाऱ्या विमा कंपनीला, लिलाव करणाऱ्या खात्याला, ताफेवाल्या कंपनीलाही त्यात वाटा उचलायला लावला पाहिजे. सरकारने आधी स्वतःच्या आवारात डोकावावे. राज्यातल्या पोलीस ठाण्यांबाहेर जप्तीच्या गाड्या वर्षानुवर्षे उन्हापावसात गळत असतात. त्यांचे ऑइल कोणत्या परवान्याखाली जमिनीत जाते?

केंद्र सरकारच्या नव्या नियमांकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवे. एप्रिल २०२५पासून लागू झालेल्या नियमांनी गाडी उत्पादकांवर जबाबदारी टाकली, हे स्वागतार्ह आहे. पण उद्दिष्ट मोजायचे कशात, तर पोलादात. काही वर्षांपूर्वी बाजारात आणलेल्या गाड्यांत जेवढे पोलाद होते त्याच्या ८ टक्के आता, २०३०-३१पासून १३ टक्के आणि २०३५-३६पासून १८ टक्के इतक्या भंगाराची प्रमाणपत्रे उत्पादकाने घ्यायची. ऑइल, टायर, बॅटरी यांचे नियम वेगळे, त्यांची खाती वेगळी, त्यांचा एकमेकांशी ताळा नाही. पोलाद तर आजही कोणी फेकून देत नाही. कुदळवाडीतही ते फुकट जात नव्हते. प्रत्येक गाडीमागे किती लिटर द्रव, किती ग्रॅम वायू आणि किती किलो शिसे निघाले आणि ते कोणाच्या ताब्यात गेले, याची नोंद झाल्याखेरीज पोलादाचे प्रमाणपत्र निघूच नये, अशी दुरुस्ती केंद्र सरकारने करावी. तोवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आपल्या संमतिपत्राच्या अटींत ही नोंद घालता येईल, त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.